साडूंचा उजवा अंगठा

संपूर्ण शिरूर तालुक्यात उजव्या हाताच्या अंगठ्याला आमच्या साडूंइतके जपणारा दुसरा माणूस झाला नाही. सोबत दौंड तालुका धरला तरी माझ्या विधानात फरक पडणार नाही. तळेगाव ढमढेऱ्यात त्यांच्याविषयी जे सांगितले जाते त्यातले बरेचसे खोटे आहे. कोणी म्हणतो, ते रेशनच्या गव्हापायी वेडे झाले. कोणी म्हणतो, बायको गेल्यापासून त्यांना भ्रम झाला. आणि बाजारतळावरच्या एका गृहस्थांचे तर ठाम मत आहे की ते अंगठ्याला मंतरलेली राख लावत. राख नव्हती, खोबरेल तेल होते. मी रोज त्यांच्या ओट्यावर बसत आलो आहे, ही मंडळी बसलेली नाहीत. तेव्हा जे घडले ते मी सांगतो.

साडू व्यवसायाने गवंडी. भिंत दोऱ्याइतकी कलली तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला बसलेले असताना समोरच्या खांबाकडे एक डोळा मिटून पाहत आणि पान तसेच ठेवून उठत. चाळीस वर्षे चुना आणि सिमेंट कालवून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या, पण ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण त्या रेषा तोवर कोणी मागितल्या नव्हत्या. मग रेशनच्या दुकानात अंगठा ओळखणारे मशीन आले. त्यांची पत्नी, म्हणजे माझी मेहुणी, होती तोवर तिचा अंगठा चालत असे. ती गेली, तिचे नाव कार्डावरून निघाले, आणि त्या केशरी कार्डावर दोनच नावे उरली: साडूंचे आणि त्यांचा एकुलता मुलगा नवनाथ याचे. नवनाथ घर सोडून गेलेला. म्हणजे ते कार्ड साडूंच्या एका गुळगुळीत अंगठ्यावर उभे राहिले.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासोबत रांगेत होतो. दुकान बचत गटाचे, चालवणाऱ्या बाईंना सारे गाव वहिनी म्हणते. वहिनी म्हणाल्या, "थंब घेत न्हाई, आबा. डोक्यावरनं पुसा." साडूंनी टोपी काढली. डोक्यावर एक केस नव्हता. मागे उभ्या असलेल्या एका पोराबाळांच्या बापाने कळवळून आपलेच तेल लावलेले डोके पुढे केले आणि म्हणाला, "माज्या डोक्याला पुसा, आबा. लाजू नगा." सातव्या खेपेला मशीनने अंगठा घेतला. साडू बाहेर येऊन पायरीवर बसले. मला म्हणाले, "गुरुजी, ते यंत्र मला सा येळा म्हनलं, तू तू न्हाईस."

त्या दिवसापासून त्यांनी थापी खुंटीला टांगली. माझ्या पत्नीकडून जुन्या धोतराची, नाडी असलेली एक पिशवी अंगठ्याच्या मापाने शिवून घेतली आणि तेल चोळलेला अंगठा ते अष्टौप्रहर तिच्यात ठेवू लागले. माझी पत्नी त्यांची धाकटी मेहुणी. तिची जीभ तिखट. "दाजी," ती म्हणाली, "आंगठ्याला आंगडं झालं, आता टोपडं कवा शिवू?" साडूंनी कांदा चिरणे सोडले, मिरचीला शिवणे सोडले, गरम भाकरी चिमट्याने उचलू लागले. कवठे येमाईच्या एका लग्नात ते डाव्या हाताने जेवले आणि वधूपक्षाच्या तीन म्हाताऱ्या पंगतीतून उठून गेल्या. निवडणुकीत एक पुढारी दारात येऊन हात पुढे करून उभा राहिला, तर साडूंनी आपला हात पाठीमागे लपवला; विरोधी पक्षाने त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी नारळ पाठवला. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ती डाळीच्या डब्यात तळाशी. चहात साखर बेताची लागे, पण 'कमी' हा शब्द ते उच्चारत नसत, दुसऱ्याने उच्चारला तर दाराकडे पाहत. तहसिलातल्या कागदावर 'नाव कमी करणे' असे लिहिलेले असते, हे त्यांनी पत्नीच्या वेळी वाचले होते.

लोकांना हे सारे हसण्यासारखे वाटले. मला वाटले नाही, असे मी म्हणणार नाही, मीही हसलो. पण गव्हापायी हे चालले होते, हा आरोप मी फेटाळतो. नवनाथच्या वाट्याचे धान्य त्यांनी एकदाही उचलले नाही. "माज्या एकल्याचं टाका," असे ते दर वेळी वहिनींना सांगत. आपले मात्र ते चुकवत नसत, कारण काही महिने कोणी धान्य उचलले नाही तर कार्ड बंद होते, असे त्यांनी ऐकले होते.

नवनाथ का गेला, याच्याही गावात चार आवृत्त्या आहेत. खरी एवढीच. रांजणगावच्या कंपनीतून सुटीवर आलेल्या त्या मुलाने बापाला न सांगता पडवीची भिंत बांधायला घेतली. साडूंनी तिला ओळंबा लावला. भिंत बोटभर कलली होती. शेजारीपाजारी उभे असताना साडूंनी ती वरून पाडायला सुरुवात केली, आणि खालचे तीन थर उरले असताना मुलगा पिशवी घेऊन निघाला. दौंडच्या स्टेशनात त्याला गाडीत चढताना कोणी तरी पाहिले. पुढे त्याचा फोन लागला नाही. ते तीन थर अडीच वर्षे तसेच होते. ते ना कोणी काढले, ना वर पुढचा चढवला.

अशात सरकारचा हुकूम आला, की कार्डावरच्या प्रत्येकाने जातीने हजर राहून केवायसी करावी, म्हणजे मशीनला आपली ओळख पटवावी. मुदतीत न करणाऱ्याचे नाव वगळले जाईल. साडूंची केवायसी वहिनींनी दहाही बोटे फिरवून कशीबशी करून घेतली. नवनाथचे काय? मी आयुष्यभर मास्तरकी केली, नियम म्हणजे नियम असे मुलांना शिकवले. मी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला: सदर इसम कुटुंबात राहत नसल्याने त्याचे नाव कार्डावरून कमी करण्यात यावे. साडूंनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवला.

"गुरुजी, तुमचं अक्षार लई देखनं हाय. पर ह्यो कागुद मी देनार न्हाई."

"अहो, पण तो येथे राहत नाही."

"हितं नाव हाय तवर ऱ्हातोय." मग खाली पाहत म्हणाले, "वहिनी म्हनल्या, केवायसी देशातल्या कुठल्याबी दुकानात व्हती. तिकडं कुठं त्यानं केली, तर हितल्या मशीनीत दिसंल म्हनं."

तेव्हा मला त्या अंगठ्याचा अर्थ कळला, आणि माझ्या खिशातला अर्ज मला जड झाला.

पुढे प्रत्येक बाजाराच्या दिवशी साडू दुकानात जात. धान्याची वेळ असो वा नसो, रांगेच्या कडेला उभे राहून म्हणत, "वहिनी, तेवढं नवनाथचं बघा की." वहिनी नंबर टाकत, थांबत, मान हलवत. "न्हाई, आबा." एवढा वेळ त्या रांगेत कोणी खोकतही नसे. एकदा मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि मग ती आता वाढणार नाही असे सांगण्यात आले. त्या शेवटच्या पंधरवड्यात साडूंचे जेवण सुटले. फोन वाजला की त्यांचा चेहरा पांढरा पडे. ओट्यावर बसून ते एकच गोष्ट विचारत, "नाव काढत्याल, तवा सांगत्याल का, गुरुजी? का गुपचूप काढत्याल?" मीही त्या दिवसांत नीट झोपलो नाही.

मुदतीआधीच्या शेवटच्या बाजारी मी त्यांच्याबरोबर गेलो. वहिनींनी नंबर टाकला. मान हलवली नाही. मशीन डोळ्यांजवळ नेले, मग साडूंकडे फिरवले.

"झालीय, आबा."

"काय झालीय?"

"केवायसी. नवनाथची."

"कुठं?"

"त्ये ह्यात दिसत न्हाई. झाली, एवढंच दिसतं."

"परत बघा."

त्यांनी तीनदा पाहायला लावले. तिसऱ्यांदा साडू म्हणाले, "मशीन आज शुद्धीवर हाय न्हवं?" आणि वहिनी पदर डोळ्यांना लावून हसल्या.

आता काही शहाणे म्हणतात, म्हाताऱ्याची कटकट थांबावी म्हणून वहिनींनीच काही तरी खटपट केली. त्यांना मी जाहीरपणे विचारतो, कशी केली? माणूस स्वतः समोर असल्याशिवाय ते मशीन ऐकत नाही, आणि या वहिनींनी आपल्या सख्ख्या सासूलासुद्धा तीन हेलपाटे घालायला लावले आहेत. मुलगा जिवंत आहे, कोठल्या तरी गावी दुकानाच्या रांगेत उभा राहिला आहे, आणि या घरातले आपले नाव जाऊ नये असे त्याला वाटले आहे. याहून अधिक मला माहीत नाही. पण याहून कमी मी मान्य करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर साडू पडवीत उकिडवे बसलेले. अंगठ्याची पिशवी खुंटीवर, थापी हातात, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत सिमेंटात माखलेले. नवनाथच्या तीन थरांवर ते चौथा चढवत होते.

"आबा, अंगठा जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे. कार्डाला त्याचा हाय की आता."

ओळंबा हाताशीच खिळ्याला लटकत होता. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पुढची वीट खालच्या थरांच्या कलाने बसवली. म्हातारपणी आबांची नजर गेली, असे जे गावात म्हणतात, ते त्या सकाळी तेथे नव्हते. मी होतो.

नवनाथ अजून आलेला नाही. मशीन साडूंचा अंगठा पुन्हा नाकारू लागले आहे, दर महिन्याला वहिनी एकेक बोट लावून पाहतात, आणि एखादे तरी चालेल की नाही या भीतीने मी त्यांच्या मागे उभा असतो. संध्याकाळी आम्ही दोघे पडवीत, एस.टी.च्या रस्त्याकडे तोंड करून बसतो. भिंत बोटभर कललेली आहे, हे मला मान्य आहे. पाठ टेकायला ती बरी पडते.