तीन कडुनिंब आणि एक नोटीस

रस्त्याकडेच्या झाडांचं वाटोळं कसं करावं, हे मी अधिकारवाणीने सांगू शकतो. सत्तरच्या दशकात मी त्याच कामाचा पगार घेत होतो.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. साताऱ्याहून माझी बदली जतला झाली, रस्त्याच्या कामावरचा ओव्हरसियर म्हणून. रस्त्याच्या दोन्ही कडांना कडुनिंबाची रोपं लावलेली होती. पण आमच्या मोठ्या साहेबांना झाडांपेक्षा टापटीप प्यारी. बुडाशी गवताची काडी दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. म्हणून माझे मजूर दर आठवड्याला रोपांची बुडं खरडायचे, माती चोपून गुळगुळीत करायचे आणि भोवतीच्या दगडांना चुना फासायचे. टँकर पाणी ओतायचा, ते चोपलेल्या मातीवरून घरंगळत डांबरावर जायचं. रोपं काठ्यांसारखी उभी होती. आम्ही म्हणायचो, जतची जमीनच करंटी.

त्याच करंट्या जमिनीत, गावाच्या तोंडाशी, तीन कडुनिंब माझ्या डोक्यावर गेले होते. समोर एका फौजीचं घर होतं. तो सरहद्दीवर, घरात त्याची बायको आणि तिचे थकलेले सासरे. म्हातारा दिवसभर पत्र्याखाली भाजून निघायचा. त्याला बाजेसकट झाडाखाली बसवायचं, एवढाच त्या बाईचा ध्यास. तिनं तिन्ही रोपांच्या बुडाशी मटकी टाकली होती, कडेनं झेंडू आणि तुळस लावली होती, मेंढरं येऊ नयेत म्हणून बाभळीच्या फांद्या रोवल्या होत्या. घरातलं खरकटं पाणी तिथंच जायचं. भर चैत्रात मी एकदा त्या वेलांखाली बोट खुपसून पाहिलं. माती भुसभुशीत आणि ओली लागली. डोळ्यांनी पाहिलं, बोटानं तपासलं, तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. इतका मी शिकलेला होतो.

मग मंत्री येणार म्हणून साहेब जीपमधून उतरले. "ही काय परसबाग मांडलीय रस्त्यावर? साफ करा. आणि सिमेंटचे पार बांधा." आपल्याकडे झाडाचा मान ठेवायचा म्हणजे पार बांधायचा. म्हाताऱ्या वडाला बांधतात म्हणून मनगटाएवढ्या रोपालाही बांधायचा, थेट खोडाला चिकटवून.

मजुरांनी मटकी उपटायला घेतली तशी ती धावत आली.

"आवं सायेब, नगा काढू. त्येच्यामुळं माती गार ऱ्हाती. झाडाची गोधडी हाय ती."

मी म्हणालो, "बाई, झाडाला गोधडी लागत नाही, शिस्त लागते."

हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते. त्या दिवशी मात्र मजूर हसले आणि मी खूश झालो. पार झाले, त्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारले. मंत्र्यांची गाडी काचा वर करून, न थांबता निघून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात दोन कडुनिंब वाळले. तिसऱ्याची पानं पिवळी पडताच त्या बाईनं भर दुपारी पहार घेतली आणि माझ्या देखत पार फोडला. आठवड्याभरात तिथं पुन्हा मटकी रुजली. मी काय करावं? शासकीय मालमत्तेची नासधूस केल्याची नोटीस काढली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून उभा राहून ठसक्यात वाचूनही दाखवली.

"झालं वाचून?" ती म्हणाली. "मग जरा बाजूला सरा, पानी घालायचंय."

नोटीस तशीच फायलीत पडून राहिली. माझी पुन्हा बदली झाली.

निवृत्त झाल्यावर एका लग्नासाठी जतला गेलो आणि मुद्दाम त्या जागी उतरलो. लांबवर नजर टाकली तर रस्त्याकडेला एकच झाड होतं, डेरेदार. खाली झेंडू होता आणि एक बाज. ती बाई बाहेर आली, केस पिकलेले. तिनं मला न्याहाळलं.

"तुमी नोटीसवालं सायेब न्हवं?"

मी मान खाली घातली. सासऱ्यांचं विचारलं.

"मामंजी चार वर्सं बसलं ह्या सावलीत. गेलं बी हितंच." तिनं बाज पुढं ओढली. "बसा की. उनात कशाला उभं?"

मी बसलो. त्या सबंध रस्त्यावर सावलीला दुसरी जागाच नव्हती. ती सोय मीच करून ठेवली होती.