तारा झाकणारा तळहात

तिचं नाव मला माहीत नाही, तळहात मात्र लक्षात आहे. हिंदमाता बाजारातल्या साडीच्या दुकानात ती माझ्या आणि आईच्या शेजारी बसली होती. बहिणीच्या डोहाळजेवणासाठी तिला हिरवी साडी हवी होती. प्रत्येक साडीचा जरीचा काठ ती तळहाताने झाकायची, मधला रंग निरखायची आणि मग फोन बघायची.

"काठच तर बघण्यासारखा आहे, ताई," दुकानदार कुरकुरला.

"तो चमकतो, म्हणून बाजूचं काही दिसत नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. "कामाची सवय हो. दुर्बिणीत आम्ही तारासुद्धा असाच झाकतो."

एका ताऱ्याशेजारी तिच्या संशोधक गटाला त्याचा नवजात सोबती सापडला होता, ग्रहाहून मोठा, पण धड तारा न झालेला. त्याच्याभोवती धुळीची चकती आहे का, ते आज कळणार होतं. अशा चकतीतूनच पुढे चंद्र घडतात म्हणे.

तेवढ्यात फोन वाजला. निरोप वाचून ती हातातल्या साडीसकट उभीच राहिली. "आहे! चकती आहे!"

अख्खं दुकान वळून बघायला लागलं.

"मग चंद्र कधी होणार?" आईने विचारलं.

"लाखो वर्षं लागतील, काकू."

"लागू देत. म्हणजे तिकडेही डोहाळजेवणच म्हण की!"

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दुकानदाराने न विचारताच आणखी एक हिरवी साडी उलगडली. काठाची जर लखलखली. या वेळी तिने काठ झाकला नाही.