धुरा आणि द्वारपाल

दारव्ह्याच्या बाजारात कोणी "पोथीवाले" म्हणून हाक मारली की मी वळून बघतो, पण खरं सांगायचं तर पोथी मी वाचतच नाही. वाचतो माझा मोठा भाऊ. मी अर्थ सांगतो. श्रावणात गावच्या मारुतीच्या देवळात पोथी लागते, तेव्हा ही जोडी ठरलेली. त्यानं एक ओवी वाचून थांबायचं, मी ती आमच्या बोलीत उलगडायची आणि शेवटी म्हणायचं, "वाच, भाऊ." मग तो पुढं जायचा.

मधली चार वर्षं मी ते म्हटलं नाही. धुऱ्यावरून बिनसलं होतं. आमच्या दोघांच्या वावरांमधला बांध त्यानं कपाशीच्या दोन ओळींइतका माझ्याकडे सरकवला, असं माझं म्हणणं. मोजणीतच तसं निघालं, असं त्याचं. बोलणं बंद, येणंजाणं बंद. पोथी मात्र दोघांनीही सोडली नाही. तो वाचायचा, मी अर्थ सांगायचो आणि "वाच, भाऊ"च्या जागी चौरंगावर बोटानं टकटक करायचो.

त्यात मी काही साधा माणूस नाही. दुर्योधन आला की सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन न देणारा हा कोण, ते मी भावाकडे बघत असं रंगवायचो की बाया तोंडाला पदर लावायच्या. रावणानं सावत्र भावाची लंका कशी बळकावली, यावर एकदा अर्धा तास खाल्ला. भाऊ ओवीवर बोट ठेवून मान खाली घालून बसायचा. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

गेल्या श्रावणात जय-विजयाचा अध्याय आला. मी सांगू लागलो. हे दोघं वैकुंठाचे द्वारपाल, म्हणजे दारावरचे राखणदार. सनकादिक ऋषी दिसायला लहान पोरांसारखे, म्हणून यांनी त्यांना दारातच अडवलं. ऋषींनी शाप दिला, जा पृथ्वीवर. विष्णूनं मग दोघांना विचारलं, भक्त होऊन सात जन्म घेता की वैरी होऊन तीन? त्यांनी तीन मागितले. म्हणून आधी हिरण्याक्ष-हिरण्यकश्यपू झाले, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र. दर खेपेला दोघं सोबतच.

पुढं बसलेल्या म्हाताऱ्या काकूनं विचारलं, "काहून बापा? भक्त व्हाचं सोडून वैरी कायले झाले?"

"लवकर घरी जाता येते म्हणून," मी म्हणालो. "अन् भक्ताले देव सकाळ-संध्याकाळ आठवते, काकू. वैऱ्याले तो घडीभर सोडत नाही. जेवाले बसला तरी तोच, झोपला तरी तोच. पिकातलं तन काढाले डवरणी करतानाही नजर त्याच्याच वावराकडे."

काकू सरळ स्वभावाची. म्हणाली, "हिरण्यकश्यपू डवरणी करे?"

सगळं देऊळ हसलं. मला मात्र हसू येईना. डवरा धरून धुऱ्यापलीकडे बघत राहणारा माणूस कोण, ते मला चांगलं माहीत होतं. आज त्याचं सोयाबीन कसं आहे, तो वावरात का आला नाही, दुखलंखुपलं तर नाही ना, हे मी चार वर्षं रोज बघत होतो. वैर म्हणून बघतो, अशी माझी समजूत.

काकूचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि भावाचे त्याहून जास्त. चार श्रावण माझे टोमणे ऐकूनही तो रोज येऊन त्याच पाटावर बसला. त्याला काय, पोथी दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन घरी बसता आलं असतं. मग माझ्याजवळ नुसती टकटक उरली असती.

मी बोट उचललं होतं. ते तसंच मागं घेतलं.

"वाच, भाऊ."

त्यानं पान नीट केलं. चष्मा काढला, दुपट्ट्यानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. लोक वाट बघत होते.

"थांब जरा," तो मला म्हणाला. "अक्षर दिसून नाही राह्यलं."