वाणात गेलेलं पुस्तक

देवासच्या मराठी मंडळींत कुणी स्वतःच्या खर्चानं पुस्तक छापलं, की एक प्रत कमलताईंच्या घरी येई. वाचनालयात कोणतं ठेवायचं, हे बावीस वर्षं त्याच सांगत. त्यांची एक पद्धत होती. प्रस्तावना वाचायची नाही, ती ओळखीच्या माणसानं लिहिलेली असते. पहिलं पानही नाही, ते लेखकानं दहादा घासलेलं असतं. चाळिसावं पान उघडायचं. तिथे लिहिणारा बेसावध असतो. तिथे काही सापडलं, तरच पुस्तक वाचनालयात ठेवायचं. ही पद्धत त्या सगळ्यांना आवर्जून सांगत.

अलीकडे मात्र पुस्तकांचा पूर आला होता. कमलताई नुसतं मुखपृष्ठ बघत, त्यावरचा लेखकाचा कोटातला फोटो बघत, आणि लेखक समारंभात भेटला की म्हणत, "भाषा ओघवती आहे हो तुमची." माणूस खूश होऊन जाई.

नीलकंठरावांनाही त्या हेच म्हणाल्या होत्या. धामनोदला हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर ते तीस वर्षं कारकून होते. निवृत्त होऊन देवासला आले आणि काट्यावरच्या दिवसांचं पुस्तक त्यांनी छापलं. कमलताईंच्या त्या एका वाक्यावर त्यांनी दुसरा भाग लिहायला घेतला. फेब्रुवारीत त्याचं प्रकाशन होतं, आणि बोलायचं कमलताईंनीच, असा त्यांचा हट्ट होता.

त्याआधी संक्रांत आली. यजमान गेल्यापासून हळदीकुंकू सून रुचा करी, आणि कमलताई आतल्या खोलीत वाणाच्या पिशव्या भरत. यंदा त्या म्हणाल्या, "ते प्लास्टिकचे डबे कशाला? पुस्तकं देऊ." भेट आलेल्या पुस्तकांचा ढीग होताच. ज्यांत लेखकानं काही लिहून दिलं होतं, ते पान त्यांनी ब्लेडनं अलगद कापलं. नीलकंठरावांचं पुस्तक त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. त्यात काही लिहिलेलं असेल, हे मनातही आलं नाही. रुचानं बाहेर जी हाताला येईल ती पिशवी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलकंठरावांची बायको आली. तिला सगळे अक्का म्हणत. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"काय गं कमल, माझ्याच नवऱ्याचं पुस्तक मलाच वाण?"

कमलताईंनी पान उलटलं. निळ्या शाईत लिहिलं होतं: 'कमलवहिनींस. चाळिसाव्या पानापासून सुरू करा. नापास झालो तर तसं सांगा. नीलकंठ.'

"त्यांना सांगितलंस?" कमलताईंनी विचारलं.

"काय सांगू? वर्षभर रोज पहाटे उठून दुसरा भाग लिहिला. मी म्हटलं, इस उमर में कशाला एवढा त्रास? तर म्हणाले, कमलवहिनींनी वाचलंय." अक्कानं पदर सावरला. "तीळगूळ मात्र छान झालाय हो तुझ्या सुनेचा." आणि ती गेली.

कमलताईंनी चाळिसावं पान उघडलं. एक ट्रकवाला म्हातारा बाप सोबत घेऊन फिरायचा. काट्यावर आला की वजनात खोट नको म्हणून डावीकडचं दार उघडून बापाला हात देऊन उतरवायचा. एकदा तो एकटाच आला. उतरला, वळसा घालून गेला, डावं दार उघडलं, जरा वेळ उभा राहिला आणि दार लावून घेतलं. 'मी वजन लिहिलं,' एवढंच पुढे नीलकंठरावांनी लिहिलं होतं.

कमलताईंचे कान तापले. त्यांनी पहिल्या पानाकडे येऊन अख्खं पुस्तक वाचून काढलं आणि सकाळी नीलकंठरावांच्या घरी गेल्या.

"या या, वहिनी," नीलकंठराव म्हणाले. "अगं, चहा टाक."

"नीलकंठराव, गेल्या वर्षी मी तुमचं पुस्तक वाचलेलं नव्हतं."

"म्हणजे, अर्धं वाचलंत?"

"उघडलंच नव्हतं."

ते हसायला गेले, पण हसले नाहीत. "मग ते ओघवती वगैरे?"

"ते मी सगळ्यांना म्हणते."

नीलकंठराव चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसत राहिले. वाणाची हकीकतही कमलताईंनी सांगून टाकली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"काल वाचलं," कमलताई म्हणाल्या. "तसा बाप-लेकाचा प्रसंग इतकी वर्षं वाचून मला कुठे मिळाला नव्हता. शेवटची दोन प्रकरणं मात्र भाषणासारखी झालीत. ती नसती तर बरं झालं असतं."

"मलाही तसंच वाटत होतं," नीलकंठराव हळू म्हणाले. "कुणी बोललं असतं, तर दुसऱ्या भागात तरी तशी घातली नसती. आता तोही छापून आलाय."

"प्रकाशनाला दुसऱ्या कुणाला बोलवा. मला तोंड नाही तिथे उभं राहायला."

"नाही, तुम्हीच बोला. आत्ता मला सांगितलंत तेच, सगळ्यांसमोर. गावात आणखी दहा जणांनी पुस्तकं छापलीत, वहिनी. त्यांनाही कळू द्या, त्यांचं कुणी वाचलंय की नाही."

त्या दहांची नावं कमलताईंना पाठ होती. त्यांतले बरेचसे त्या दिवशी पुढच्या रांगेत बसणार होते.

"बोलेन," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता, की नीलकंठरावांनी "काय?" म्हणून विचारलं, आणि तो शब्द त्यांना पुन्हा एकदा उच्चारावा लागला.