बिनवायरचा उजेड

माझ्या आक्काच्या यजमानांइतका सतत, मनापासून आणि कुणी न विचारता रागावणारा माणूस बेळगाव आणि निपाणीच्या दरम्यान दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर दोघांपैकी एकाला जिल्हा सोडावा लागला असता. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. शहापुरात, मागांच्या खडखडाटानं दिवसभर हलणाऱ्या एका गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नांचे फोटो काढणं हा त्यांचा धंदा, पण लग्नाला आलेल्या माणसांवर चिडणं हाच त्यांचा खरा व्यवसाय, असं माझं मत होतं. ऐनवेळी डोळे मिटणाऱ्या नवरदेवावर ते चिडत, घाम पुसणाऱ्या वरबापावर चिडत, फोटो नको म्हणून पदर ओढणाऱ्या म्हाताऱ्यांवर तर फारच. मंगळसूत्र बांधताना भटजी पुढे वाकले, तर ते पुन्हा बांधायला लावत. एका लग्नात तिसऱ्यांदा बांधायला लावलं तेव्हा भटजींनी शास्त्र काढलं. त्यावर दाजी म्हणाले, "मंत्र तुम्ही रोज म्हणता. ह्या पोरीचं लगीन आजच हाय." राग मराठीत सुरू व्हायचा, पण चढत चढत कानडीत जायचा, आणि कानडीत गेला की आजूबाजूची माणसं खुर्च्या मागे सरकवायची. दुकानाची पाटी रंगवणाऱ्यानं दोन्ही भाषांत एकेक चूक केली होती. दाजींनी ती पाटी बदलली नाही. रोज सकाळी दुकान उघडताना तिच्याकडे बघून ते रागाची बोहनी करत.

पण ह्या सगळ्या रागांच्या तळाशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे उजेड. कॅमेऱ्यावर फ्लॅश लावून समोरून उजेड मारणाऱ्या फोटोग्राफरांना ते माणसांत धरत नसत. "पोलिसानं चोराच्या तोंडावर बॅटरी मारल्यागत दिसतंय," म्हणायचे. उजेड बाजूनं यावा, खिडकीतनं आल्यासारखा गालावरून उतरावा, नाकाची सावली नीट पडावी. त्यासाठी दुसरा फ्लॅश लागायचा, आणि तो धरायला माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे माझी आक्का. कळकाच्या काठीला फ्लॅश बांधलेला, त्यातून निघालेली वीस फुटी वायर जमिनीवरून वळणं घेत दाजींच्या कॅमेऱ्यापर्यंत गेलेली, आणि आक्कानं खुर्चीवर उभं राहून काठी उंच धरलेली. दाजी बोटानं दाखवतील तिकडं ती काठी झुकवायची. मी टिळकवाडीत शाळेत शिकवत होते, नव्यानं पगार हातात येत होता, आणि बेळगुंदीच्या आमच्या घरातली थोरली लेक लोकांच्या लग्नात अशी खांबासारखी उभी राहते हे मला मुळीच आवडत नव्हतं. मी तिला तसं म्हटलं की ती गजरा माळता माळता हसायची आणि विषय बदलायची.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. निपाणीला एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले होते. अक्षता पडायच्या वेळी मठ्ठ्याची बादली घेऊन एक वाढपी घाईघाईनं निघाला आणि त्याचा पाय वायरीत अडकला. वायर ताणली गेली, काठी ओढली गेली आणि आक्काची खुर्ची कलंडली. मी तिच्यापासून दहा हातांवर होते. मांडवाच्या त्या टोकाकडून दाजींची हाक आली. एकच शब्द.

"फ्लॅश!"

आणि आक्कानं, पडता पडता, उजव्या हातानं ती काठी उंच धरून ठेवली. सगळं अंग डाव्या हातावर आलं. मनगट मोडलं. फ्लॅशला ओरखडाही आला नाही.

मी संतापले. दवाखान्यात हात प्लॅस्टरमध्ये जात असताना दाजी बाहेर उभे राहून वायरीला शिव्या देत होते. वाढप्याला दिल्या, मठ्ठ्याला दिल्या, खुर्चीच्या कारखानदाराला दिल्या. आक्काला "दुखतंय का" एवढं विचारलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यांच्या घरी जायची, त्यांच्यासमोर बसायची, पण बोलायचं ते आक्काच्या मार्फत. "आक्का, त्यांना सांग की चहा निवतोय." ते माझ्यापासून तीन फुटांवर बसलेले असत, आणि तेही सांगत, "तुझ्या मास्तरीण बहिणीला सांग, मला डोळं हायत."

दाजींनी मात्र ती वायर त्याच आठवड्यात विळ्यानं तोडली आणि ठरवलं, आता बिनवायरचा उजेड. पहिल्यांदा त्यांनी पुण्याहून एक डोळा मागवला. बोटाच्या पेराएवढी काचेची डबी, दुसऱ्या फ्लॅशला लावायची. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उडाला की हा डोळा तो बघणार आणि मोठा फ्लॅश त्याच क्षणी उडवणार. डबीवर इंग्रजीत 'स्लेव्ह' लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ त्यांनी आक्कामार्फत मला विचारला, मी आक्कामार्फत सांगितला, गुलाम. ते खूश झाले. मोठा फ्लॅश तिपाईवर चढवून ते टिळकवाडीतल्या एका लग्नाला गेले, आणि तिथे नवऱ्या मुलाचे मुंबईचे काका नवाकोरा कॅमेरा गळ्यात घालून आले होते. काकांनी कुणाचाही फोटो काढला, पंगतीचा, पोरांचा, आइस्क्रीमच्या डब्याचा, की दाजींचा मोठा फ्लॅश इमानेइतबारे उडायचा. ऐन मंगळसूत्राच्या वेळी तो रिकामा होऊन बारीक शिटी वाजवत पुन्हा भरत बसलेला. दाजींनी काकांना कॅमेरा कपाटात ठेवायला सांगितलं. काकांनी दाजींना त्यांची पायरी सांगितली. तेव्हा दाजींनी स्वतःचा कॅमेरा काकांच्या हातात दिला, "काढा मग तुम्हीच," म्हणाले, आणि पहिल्या पंगतीत जाऊन बसले. दोन जिलब्या खाल्ल्यावर उठून आले आणि उरलेलं लग्न काढलं. घरी येऊन तो डोळा खिडकीत आपटला. "गुलाम म्हणं. गुलाम एका धन्याचं ऐकतोय. ह्यो तर दिसंल त्येचं ऐकतोय."

मग रेडिओची पाळी आली. गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्त करणारे एक कानडी आप्पा होते, शांत, जाड चष्म्याचे, दाजींच्या रागावर फक्त "हौदू, हौदू", म्हणजे होय, होय, म्हणणारे. त्यांनी महिनाभर खटपट करून दोन पेट्या बनवल्या. एक कॅमेऱ्याला, एक फ्लॅशला. मधे वायर नाही, उजेडाची भानगड नाही, हवेतून निरोप जाणार. आप्पांच्या दुकानात तो निरोप बिनचूक गेला. पण ती पेटी घरी आणून फळीवर ठेवली आणि दहा मिनिटांत फ्लॅश आपोआप उडाला. मग पुन्हा. गल्लीतून स्कूटर गेली की उडायचा. शेजारच्या मागाची मोटर सुरू झाली की उडायचा. इंजिनात, मोटरीत, ठिणगी कुठेही पडो, पेटीला तो दाजींचाच निरोप वाटायचा. दोन दिवसांत आक्काला सवय झाली. स्वयंपाकघरात भिंत लखकन उजळली की ती प्लॅस्टरचा हात सावरत पातेलं घेऊन दाराकडे निघायची, आणि पाठोपाठ दूधवाल्याच्या मोटारसायकलचा आवाज यायचा. मी, राग विसरून, हसले असावे, कारण दाजींनी आक्काला सांगितलं, "तुझ्या बहिणीला सांग, हसायचं काम न्हाय. तिच्या लग्नाच्या आत हे झालं पायजे."

माझं लग्न ठरलं होतं. बेळगुंदीला, आमच्या दारातल्या मांडवात, गोरज मुहूर्तावर. आक्काचं प्लॅस्टर निघालं होतं, मनगट जरा वाकडंच सांधलं होतं. एका रविवारी आम्ही तिघं शहापुरात बसलो होतो, आणि माझ्या लक्षात आलं की आयुष्यात प्रथमच माझं आणि दाजींचं एकमत आहे. काहीही झालं तरी आक्कानं काठी धरायची नाही. ते म्हणत होते, डोळा लावू आणि मांडवाच्या दारात सगळ्यांचे कॅमेरे काढून घेऊ. मी म्हणत होते, आक्का, त्यांना सांग, रेडिओ बरा, खेड्यात स्कूटर कोण आणतंय. ते म्हणत होते, तिला सांग, वऱ्हाड जीपनं येणार हाय. असं अर्धा तास चाललं. निरोप्याचं काम करणारी आक्का मधेच गप्प झाली, ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"माझा हात मोडलाय, जीभ न्हाय," ती म्हणाली. "मला कुणी इचारलंय?"

तिचा चढलेला आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. मग ती बोलत सुटली. पाच महिने ती घरात बसून होती. निपाणी, चिकोडी, खानापूर, अकरा वर्षं ती ज्या मांडवांतून फिरली, जिथे नवऱ्या मुली तिच्याकडे बघून पदर नीट करायच्या, जिथे तिच्यावाचून दाजींना एक पाऊल टाकता यायचं नाही, ते सगळं गेलं होतं, आणि वर आम्ही दोघं तिच्या जागी ठेवायला यंत्रं शोधत होतो. मला म्हणाली, "तुला तुझी शाळा हाय. मला काय हाय गं?" आणि दाजींना म्हणाली, "फ्लॅशला मागं बटण हाय. मला कान हायत. तुम्ही हं म्हणा, मी दाबते. कशाला पायजे वायर?"

दाजी सवयीनं उसळले. शटर क्षणभर उघडतं, तेवढ्यात माणसाचं बोट काय पोचणार, तुला काय कळतंय त्यातलं. बोलता बोलता थांबले. उठून त्यांनी स्टुडिओतले दिवे मालवले. कॅमेऱ्याची चकती 'बी' खुणेवर ठेवली तर शटर दाबलं असेतोवर उघडं राहतं, आणि अंधुक उजेडात फ्लॅश उडेल तेवढंच चित्र उमटतं. मला खुर्चीवर बसवून त्यांनी अख्खा रोल त्यावर घालवला. हं, लख्ख. हं, लख्ख. रोल धुतल्यावर पहिले चार फोटो हललेले होते. पाचव्यात माझ्या नाकाची सावली त्यांना हवी तशी पडली होती.

माझ्या लग्नात वाजंत्री, मंगलाष्टकं आणि पोरांचा गोंधळ ह्यांत दाजींचं "हं" त्यांच्या स्वतःच्या कानालाही पोचत नव्हतं. मांडवात दोन मिणमिणते दिवे. अंतरपाट खाली आला आणि मी समोर बघायच्या ऐवजी आक्काकडे बघितलं. ती स्टुलावर उभी होती, वाकड्या मनगटावर आखूड केलेली काठी तोललेली, उजव्या हाताचं बोट फ्लॅशच्या बटणावर, आणि तिची नजर नवरानवरीकडे नव्हतीच. ती दाजींकडे बघत होती. लख्ख उजेड पडला. नंतर मी विचारलं, ऐकू कसं आलं तुला. म्हणाली, "फोटो घेताना त्येंचा डावा खांदा खाली येतोय."

महिन्याभरानं आल्बम आणायला मी दुकानात गेले. आक्का बाजाराला गेली होती. दाजींनी फोटो पुढे ठेवले. ते अप्रतिम होते, आणि तसं सांगायचं तर थेट बोलणं भाग होतं. मी सांगितलं, आणि एकदा तोंड उघडल्यावर निपाणीचंही सांगितलं. पडणाऱ्या बायकोला तुम्ही फ्लॅश म्हणालात, ते मला ह्या जन्मात विसरता येणार नाही. मला वाटलं आता कानडी ऐकावं लागणार. ते आल्बमच्या पानांतला पातळ कागद सरळ करत राहिले.

"मला तिला हाक मारायची हुती," ते म्हणाले. "काठी सोड, म्हणायचं हुतं. रोज तोंडात ज्यो शब्द असतोय, त्योच आला. रातदिस ऐकू येतोय मला."

हे आक्काला सांगा, मी म्हटलं. तेव्हा मात्र ते नेहमीसारखे भडकले. तिला काय सांगायचं, आणि तू सांगितलंस तर ह्या दुकानाची पायरी चढायची नाही. मी कबूल केलं.

त्यानंतर आठ वर्षं ती दोघं तसंच काम करत राहिली. मग एका उन्हाळ्यात दाजी अचानक गेले. महिना झाल्यावर, दुकानातल्या फळ्या आवरताना, मी आक्काला ते सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं. हातातलं फडकं खाली ठेवून तिनं विचारलं, हे त्यांनी तुला कधी सांगितलं. मी सांगितलं.

"म्हणजे आठ वर्षं तू गप बसलीस," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली. शेजारचा माग थांबला, पुन्हा सुरू झाला. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कसं म्हणाले, तसंच सांग. त्येंच्या बोलण्यात."

मी सांगितलं. तिनं ते मला तीनदा सांगायला लावलं.