धक्क्यावरची गाडी

चालायला जाण्यासाठी मी गाडी काढत असे. हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय, पण तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं होतं. चालायला चांगली जागा म्हणजे विद्यापीठाच्या मागं डोंगराकडं जाणारा रस्ता, आणि तो आमच्या गल्लीपासून लांब. म्हणून गाडी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ती मी हौसेनं घेतली होती, सेकंडहँड.

त्या हिवाळ्यात बायको नातवाला सांभाळायला मुलीकडं पुण्याला गेली होती आणि मी घरात एकटा होतो. फोनवर मात्र मी 'मजेत आहे' असंच सांगायचो. माझा स्वभाव मुळात माणसांत मिसळणारा नाही. गल्लीत राहायला येऊन काही वर्षं झाली तरी शेजाऱ्यांशी माझं बोलणं 'काय, बरंय ना' याच्या पुढं गेलं नव्हतं. कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, म्हणजे फेडायची भानगड नाही, हे माझं तत्त्व. बायको त्याला माणूसघाणेपणा म्हणते.

थंडी वाढली आणि गाडीच्या बॅटरीनं मान टाकली. किल्ली फिरवली की गाडी नुसती खाकरायची आणि गप्प व्हायची. पहिल्या दिवशी मी एकट्यानंच, एका हातानं स्टिअरिंग धरून, ती ढकलून बघितली. गाडी हलली नाही, माझी चप्पल तेवढी तुटली. समोरच्या घरातले चाचा फाटकात उभं राहून हे बघत होते. सिल्लोडचं कापडाचं दुकान पुतण्याच्या हवाली करून ते इथं येऊन राहिले होते. चाची वारल्या होत्या, मुलं हैदराबादला. त्या घरात तेही एकटेच.

"आवो साहेब, तुम्ही आत बसा. ये अकेले का काम नई," असं म्हणत त्यांनी पायजमा वर खोचला आणि हाक मारली. वाळूजच्या कंपनीची बस पकडायला निघालेला शेजारचा तरुण डबा खाली ठेवून आला. कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनी झाडू घेऊन आल्या. त्या ढकलायला नाही, सूचना द्यायला आल्या होत्या. गाडी सुरू झाली. मी आभाराचे दोन हॉर्न वाजवले आणि मोकळ्या हवेत चालायला गेलो. गाडी तिथं उतारावर लावली की परतताना धक्का लागत नसे. मला चालता यावं म्हणून तीन माणसं सकाळी सकाळी दमली होती.

दुसऱ्या दिवशी हाक मारावी लागली नाही. तिसऱ्या दिवशी तर चाचा पायजमा खोचूनच फाटकात उभे होते. ढकलता ढकलता सगळ्या गल्लीच्या बातम्या माझ्या खिडकीतून आत यायच्या. नळाला पाणी आज की परवा, कुणाकडं लग्न, कुणाचं भांडण. मी आत साहेबासारखा बसून हं हं करायचो. बायको फोनवर रोज म्हणायची, "अहो, ती बॅटरी बदला एकदाची." मी म्हणायचो, "बघतो."

मग एका सकाळी माझ्या गाडीपायी त्या तरुणाची बस चुकली. तो हसला आणि रिक्षा शोधत धावत गेला. माझं तत्त्व मात्र जागं झालं. उपकारांचा ढीग झाला होता. मी तडक छावणीतल्या दुकानात जाऊन बॅटरी आणली. दुकानदार म्हणाला, "बसवायला माणूस पाठवू का?"

"गरज नाही. गाड्यांतलं कळतं मला," मी म्हणालो. उभ्या आयुष्यात मी कालव्यांच्या फायली सोडून दुसरं काही उघडलं नव्हतं.

चाचा खुर्ची घेऊन बघायला बसले. आधी काळी वायर काढायची असते, हे मला पक्कं माहीत होतं. फक्त ते आठवलं लाल वायर सोडवायला घेतल्यावर. पाना पत्र्याला टेकला, चट्‌कन ठिणगी उडाली, आणि मी चाचांच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो.

"साहेब, लगी क्या?"

"छे, छे. बॅटरीत जीव आहे का ते तपासत होतो."

नवी बॅटरी ठेवली तर लाल वायर पोचेना. बॅटरीची टोकं आमच्या गाडीच्या नेमकी उलट्या बाजूला होती. मी वायर ओढून बघितली, बॅटरी फिरवून बघितली, गाडी बनवणाऱ्याला शिव्या दिल्या. शेवटी बॅटरी नातवासारखी मांडीवर घेऊन रिक्षानं छावणी गाठली. दुकानदारानं ती बदलून दिली आणि पुन्हा विचारलं, "माणूस पाठवू का?" मी पुन्हा नको म्हणालो. दुपारपर्यंत कशीबशी बसवली. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"चाचा, आता तुम्ही मोकळे!" मी मोठ्या दिलदारपणे म्हणालो.

"व्हय," चाचा म्हणाले, आणि खुर्ची उचलून घरात गेले. त्यांना माझं कौतुक वाटलं असणार, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी चाचांनी फाटक उघडेपर्यंत माझी गाडी कोपऱ्यावर पोचली होती. आरशात बघितलं तर त्यांनी पायजमा खोचलेला होता. मग रोज तसंच. कुणी काही सांगायला येईना. त्या आठवड्यात नळाला पाणी आलं आणि गेलं, मला पत्ताच नाही. अर्ध्या बादलीत अंघोळ केली, पण समोर जाऊन मागितलं नाही. संध्याकाळी घर खायला उठायचं. बायकोची आठवण येणं ठीक, पण समोरच्या घरातल्या माणसाची आठवण येते हे सांगायचं कुणाला? सरळ जाऊन बसावं, तर काय काम म्हणून जावं?

शेवटी एका सकाळी मी गाडीत बसलो, किल्ली अर्धीच फिरवली आणि चेहरा पाडून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "नाही होत हो."

चाचा आले. त्यांनी बॉनेटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "थंडी लई हाय ना. होतं असं," म्हणाले आणि मागं गेले. तरुण आला, वहिनी आल्या. गाडी कोपऱ्याच्या आधी सुरू होऊ नये म्हणून मी क्लच घट्ट दाबून धरला होता. मागून बातम्या सुरू झाल्या. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात रस्त्यात कुत्रं आडवं झोपलेलं दिसलं आणि सवयीनं हात हॉर्नवर गेला. बॅटरी 'गेलेल्या' गाडीचा हॉर्न असा ठणठणीत वाजला की कुत्रं भिंतीवर चढलं. मागचं ढकलणं थांबलं, बोलणंही थांबलं. माझे कान तापले. मी उतरायला दार उघडलं.

"थांबले कशाला?" वहिनींचा आवाज आला. "ढकला की! भाऊ, डावीकडं घ्या."

गाडी पुन्हा हलली. कोपऱ्यावर मी क्लच सोडला, गाडी सुरू झाली. चाचा धापा टाकत खिडकीशी आले. मी म्हणालो, "चाचा, ते म्हणजे काय झालं..."

"दुपारी पाणी येणार हाय, भरून ठेवा," ते म्हणाले. मग खिडकीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "और साहेब, कल जरा देर से चालू करो. इतक्या लवकर घरात जाऊन मी तरी काय करू?"