सेन्सर उशिरा उत्तर का देत होता

नवा ऑक्सिजन सेन्सर तीन महिन्यांत मंद का झाला, हा प्रश्न मी सोडवायला घेतला होता. उत्तर मिळाले, पण ते ज्याच्या उपयोगी पडायला हवे होते त्याच्या उपयोगी पडले नाही.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा विषय शिकवत असे. निवृत्तीनंतर रत्नागिरीतच राहतो. माझी पेट्रोलवरची जुनी गाडी आरे-वारेच्या चढावर अडखळू लागली. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की क्षणभर काहीच होत नसे, मग एकदम धक्का बसे. उभ्या गाडीत इंजिनचा वेग आपोआप वर-खाली होई आणि धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येई. माझ्या एका विद्यार्थ्याचे बंदराच्या रस्त्याला स्वतःचे गॅरेज होते. वर्गात तो सर्वांत सावकाश काम करी आणि सर्वांत कमी चुके. गाडी त्याच्याकडे नेली.

हा सेन्सर धूर बाहेर जाण्याच्या नळीत बसवलेला असतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगतो. हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की तो सुमारे नऊ दशांश व्होल्ट दाखवतो, कमी झाले की सुमारे एक दशांश. त्यानुसार गाडीचा संगणक पेट्रोल घटवतो किंवा वाढवतो. इंजिन तापलेले असताना चांगल्या सेन्सरचा आकडा या दोन टोकांमध्ये सतत झुलत राहतो. मेलेला सेन्सर ओळखणे सोपे असते. मंद सेन्सर मात्र दोन्ही टोके गाठतो, पण इतक्या उशिरा, की तोवर इंजिनची स्थिती बदललेली असते. साध्या मीटरवर हे कळत नाही. गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर आलेख पाहावा लागतो.

विद्यार्थ्याने तेच केले. इंजिन पुरते तापू दिले, एकदम रेस दिली. आलेखाची रेषा सरळ उभी चढायला हवी होती, ती टेकडीसारखी निवांत चढली. मग हवेची एक नळी काढून मिश्रण पातळ केले. रेषा तशीच रेंगाळत उतरली. त्याने सेन्सर बदलला आणि गाडी सुधारली. तीन महिन्यांनी तीच टेकडी पुन्हा दिसली.

त्या दिवशी गॅरेजमध्ये एक होडीमालक आपला मासळीचा टेम्पो घेऊन थांबले होते. आणखी दोन-तीन गिऱ्हाइके होती. विद्यार्थ्याने सेन्सर काढून माझ्यापुढे धरला. टोकावर पांढरी भुकटी बसली होती.

"सर, इंजिनावर हल्ली काय लावलंत काय? सिलिकॉन, असलं काहीतरी?"

"मी काय लावणार? तू कुठला सेन्सर बसवलास ते सांग."

"असली, सर. खोका पण ठेवलाय."

"खोका असलीच असतो. आतला माल कोणी पाहिला?"

होडीमालक हसले. "काय रे, मास्तरांच्या गाडीत नकली माल, मग माझ्या टेम्पोत काय सुकट भरलीस?"

सगळे हसले. विद्यार्थी हसला नाही. "सर, तुम्ही एकदा बघून तरी सांगा," एवढेच तो म्हणाला. मी पाहिले नाही. आधी मोजा, मग बोला, हे फळ्यावर लिहून देणारा मी, खोका हातात न घेता घरी निघून आलो.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी कळले. होडीमालकांनी टेम्पो दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. बंदरावरची बाकीची वाहने त्यांच्यामागून गेली. "नकली माल बसवतो, त्याच्या सरांनीच सांगितलं," हे वाक्य मी स्वतः एका दुकानात ऐकले आणि तेव्हाही गप्प राहिलो, कारण मला ते खरे वाटत होते. पावसाळ्याआधी गॅरेजचे शटर खाली आले. माझा विद्यार्थी मुंबईला कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये नोकरीला लागला.

मी कोल्हापूरहून सेन्सर मागवला, शिक्का आणि क्रमांक तपासून दुसऱ्या गॅरेजमध्ये बसवून घेतला. काही आठवड्यांत तोही मंदावला. काढून पाहिला, तर टोकावर तीच पांढरी भुकटी. तेव्हा कुठे मी गाडीची वही उघडली. इंजिनच्या वरच्या झाकणाच्या कडेने तेल झिरपे. ते थांबवायला मी होड्यांच्या सामानाच्या दुकानातून ट्यूब आणली होती, केबिनच्या काचा बसवायला वापरतात ती. तेल पुन्हा दिसले की नवा थर देत असे. वहीत असे थर दिल्याच्या तीन नोंदी होत्या, माझ्याच अक्षरात, आणि प्रत्येक नोंदीनंतर काही आठवड्यांनी सेन्सर मंदावल्याची नोंद होती. ट्यूबवर सिलिकॉन लिहिले होते. ते सुकताना निघणारी वाफ इंजिनच्या आतल्या हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाते, जळून तिची भुकटी होते आणि सेन्सरच्या टोकावर बसते. त्याने मला नेमके हेच विचारले होते.

मी त्याला फोन केला आणि सगळे सांगितले.

"बरं झालं सर, कळलं ते."

"तू परत ये. मी सगळ्यांना सांगतो."

"जागा दिली सर दुसऱ्याला. आता कुठं येऊ?" मग म्हणाला, "साहेब हाक मारतायत, ठेवतो."

त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

होडीमालकांकडेही गेलो. ते जाळ्यांपाशी बसले होते. माझी चूक मी सविस्तर सांगितली.

"मास्तर, तुमचं मन मोठं, म्हणून तुम्ही त्याला पाठीशी घालताय. पोराची चूक नव्हती, तर गाव सोडून गेला कशाला?"

मी वही दाखवली. त्यांनी पाने उलटली आणि परत दिली. बाकीच्यांकडे जाण्याचे बळ मला राहिले नाही. माझा आरोप लोकांनी न तपासता खरा मानला होता. पुरावा मात्र कोणालाच नको होता. तो परत येईल असे मला आता वाटत नाही.

वाचकांना विनंती आहे की मी शिक्षक होतो म्हणून यातले काहीही मान्य करू नका. इंजिन तापवून स्कॅनरवर रेषा किती वेळात चढते आणि उतरते ते पाहा, सेन्सरचे टोक पाहा, आपण वापरलेल्या ट्यूबवर काय लिहिले आहे ते वाचा. हे सगळे स्वतः तपासून घ्या.